संस्था काढू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

संस्था काढण्यासाठी अंगी समाजाची कळकळ असावी लागते, असा एक गोड समज आहे. कायद्याने तसे कुठेही म्हटलेले नाही. 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाला सात माणसे लागतात, एवढेच. कळकळ त्यांतल्या एकाला असली तरी भागते. उरलेल्या सहा जणांकडे आधारकार्ड, पॅनकार्ड, दोन फोटो आणि सही करण्याइतकी फुरसत असली म्हणजे झाले.

सातांची निवड मात्र विचारपूर्वक करावी. पहिले अर्थात तुम्ही. अध्यक्ष व्हावे की सचिव, यावर नवशिके रात्री जागवतात. अध्यक्षाचा फोटो छापून येतो आणि सचिवाच्या सहीने कामे होतात, हे ध्यानात घेऊन ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. हुशार माणसे ‘संस्थापक-अध्यक्ष’ होतात, कारण अध्यक्षपद कधीतरी जाते, संस्थापकपद कोणी काढून घेऊ शकत नाही. दुसरे नाव बहुधा घरातले असते. त्यात सोय आहे. सभेची नोटीस स्वयंपाकघरात बजावता येते. पुढे परदेशी देणग्यांच्या परवानगीचा अर्ज भरायची वेळ आली, की पदाधिकाऱ्यांचे एकमेकांशी नाते काय, असा रकाना समोर येतो आणि तिथे ‘मेहुणा’ लिहिताना पेन जरा अडखळते. खजिनदार म्हणून निवृत्त बँक अधिकारी गाठावा. पैसे जमवणे हे त्याचे काम नव्हे, पण ते खर्च होऊ न देण्याचे शिक्षण त्याने नोकरीभर घेतलेले असते. एक वकील हवा, फुकट सल्ल्यासाठी. एक डॉक्टर हवा, निमंत्रणपत्रिकेसाठी. सहावा तुमचा शाळासोबती, जो कशालाच नाही म्हणत नाही. सातवा सापडता सापडत नाही आणि शेवटी नोंदणीच्या दिवशी कार्यालयाबाहेर चहा पिताना भेटलेल्या ओळखीच्या माणसाची सही घेतली जाते. या सातव्या माणसाकडे नीट पाहून ठेवावे. दहा-बारा वर्षांनी विरोधी गटाचा नेता तोच असतो.

नाव ठेवताना ‘बहुउद्देशीय’ हा शब्द विसरू नये. कारण व्यवहारी आहे. उद्देश नंतर बदलायचे म्हटले तर सभा, ठराव, अर्ज, हेलपाटे आले. म्हणून जगात जे जे चांगले आहे ते सगळे सुरुवातीलाच लिहून टाकतात. बालवाडी, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती, वृक्षारोपण, संगणक प्रशिक्षण, गोशाळा, महिला बचत गट, क्रीडा, आणि ‘समाजहिताची तत्सम इतर कामे’. प्रत्यक्षात तुम्हाला वीटभट्टीवरच्या मुलांची संध्याकाळची शाळा काढायची असते. हरकत नाही. घटनेचा मसुदा स्वतः लिहायचा नसतोच. कार्यालयाच्या आसपास टंकलेखकाकडे तो तयार असतो, नाव आणि पत्ता तेवढा बदलायचा. तुम्ही फक्त शेवटपर्यंत वाचून घ्यावे, म्हणजे मागच्या पानांवर कुठल्यातरी कलमात आधीच्या गिऱ्हाइकाच्या संस्थेचे नाव तसेच राहिलेले नाही ना, ते कळेल. असे राहिले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर तुमची संस्था बरखास्त झाल्यावर मालमत्ता तिसऱ्याच जिल्ह्यातल्या क्रीडा मंडळाकडे जाण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रात एक प्रमाणपत्र पुरत नाही. 1860 च्या कायद्याखाली एक नोंदणी, आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली दुसरी, म्हणजे तो ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक. दोन्ही प्रमाणपत्रे लॅमिनेट करून भिंतीवर लावतात आणि मग दर वेळी झेरॉक्ससाठी खाली उतरवतात. पुण्या-मुंबईकडची, नोकरी सोडून आलेली तरुण मंडळी हल्ली कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली नोंदणी करतात. त्यांना अध्यक्षाऐवजी डायरेक्टर म्हणवून घेता येते. बाकी सुखदुःखे सारखीच.

आता सभा. संस्थेत काम कमी-जास्त झाले तर कोणी विचारत नाही. सभा मात्र झालीच पाहिजे, निदान वहीत तरी. हे शास्त्र सविस्तर समजून घ्यावे.

सभेला सात दिवस आधी लेखी सूचना काढावी. ठरल्या वेळी तुम्ही, खजिनदार आणि चहावाला हजर असता. अशा वेळी घाबरू नये. बहुतेक घटनांमध्ये एक तरतूद असते: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घ्यावी, त्या सभेला गणसंख्येचे बंधन नाही. हा अर्धा तास ज्याने शोधला त्याचे तैलचित्र प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात असायला हवे. मराठी मुलखातले कितीतरी समाजकार्य या अर्ध्या तासावर उभे आहे. त्यात बटाटेवडे येतात, डॉक्टरांचा ‘पेशंट आहे, तुमचे ते माझे’ असा फोन येतो, आणि मग सभा वैध होते.

पहिला विषय नेहमी एकच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागच्या सभेत काय झाले हे कोणालाच आठवत नसल्याने ते एकमताने कायम होते. पुढच्या प्रत्येक ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. तिघेच असाल तर आळीपाळीने व्हावे. लिहिण्याची भाषा ठरलेली आहे, तीत नवे काही करू नये. दीड तास भांडण झाले असल्यास ‘साधकबाधक चर्चा झाली’ असे लिहावे. कोणी तावातावाने उठून गेले असल्यास ‘काही सदस्यांनी मौलिक सूचना केल्या’. ज्या ठरावाला दोघांनी डोळे वटारले आणि एकाने मान खाली घातली, तो ‘सर्वानुमते मंजूर’. महत्त्वाचे निर्णय विषयपत्रिकेवर कधीच नसतात. ते ‘आयत्या वेळचे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने’ या सदरात उरकतात, तोवर निम्मे लोक चपला शोधत असतात.

एवढे मात्र गांभीर्याने सांगतो, की हे इतिवृत्त त्या त्या वेळी, पाननंबर घातलेल्या बांधीव वहीत, शाईने लिहावे. वर्षाच्या बारा सभा ऑगस्टमधल्या एका पावसाळी दुपारी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिण्याची पद्धत आहे. ती वही एक दिवस सहायक धर्मादाय आयुक्तांसमोर उघडली जाते आणि समोरच्या बाजूचा वकील ती मोठ्याने वाचतो. फेब्रुवारीच्या सभेला जो सदस्य ‘हजर’ आहे, तो जानेवारीतच वारला होता, हे त्याला नेमके सापडते.

पैशांकडे वळू. संस्थेला देणग्या दोन प्रकारच्या मिळतात: ज्या तुम्हाला हव्या असतात, आणि ज्या लोकांना द्यायच्या असतात. लोकांना पंखा द्यायचा असतो. पंखा, स्टीलचे कपाट, भिंतीवरचे घड्याळ, पाण्याचा कूलर, बाक. या वस्तूंवर नाव घालता येते. विजेचे बिल, जागेचे भाडे आणि शिक्षिकेचा पगार यांवर नाव कुठे घालणार? म्हणून पंखे पाच आणि वीज तोडण्याची नोटीस, अशी अवस्था चांगल्या चांगल्या संस्थांत आढळते. नाव पात्यावर घातले असेल तर पंखा चालू असताना ते वाचता येत नाही. देणगीदार भेटीला आले की पंखा बंद करावा. उन्हाळा असला तरी.

नावाच्या या हौसेला नाके मुरडू नयेत, कारण तिचे टोक फार वर गेलेले आहे. धोंडो केशव कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले आणि ते पैपैसा गोळा करीत चालवले. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले. ‘एसएनडीटी’ म्हणताना आपण त्या नाथीबाईंचेच नाव घेत असतो. त्या नावाखाली पुढे किती मुली पदवीधर झाल्या ते पाहिले, तर सौदा महाग पडला असे कोणी म्हणणार नाही. उलट टोक अंताजी दामोदर काळ्यांचे. प्रत्येकाकडून एक पैसा मागायचा, या हिशेबाने त्यांनी पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पैसा देणाऱ्या हजारोंपैकी कोणाचे नाव कुठे घालणार? नवशिक्याने दोन्ही मार्ग अभ्यासावेत आणि शेवटी आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर कोड टाकावा.

देणगीदार पहिला प्रश्न विचारतो तो ‘तुम्ही करता काय?’ हा नसतो. ‘एटीजी आहे का?’ हा असतो. देणगीवरची आयकराची ती सवलत संस्थेकडे असली की समोरच्याच्या मनात करुणा लवकर जागी होते. तिचे नियम पाठ असावेत. दोन हजारांवरची देणगी रोख घेतली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही. देणगीदारांची यादी, पॅनसकट, आयकर खात्याला 31 मेपर्यंत ऑनलाइन कळवावी लागते. त्यामुळे मे महिन्यात तुम्हाला एक विशेष अनुभव येतो. गेल्या दिवाळीत आईच्या स्मरणार्थ अकराशे रुपये देणाऱ्या काकांना फोन करून तुम्ही त्यांचा पॅन नंबर मागता. काका रोज सकाळी वर्तमानपत्रात सायबर फसवणुकीच्या बातम्या वाचतात. ते फोन ठेवतात, नंबर ब्लॉक करतात आणि संध्याकाळी बँकेच्या शाखेत जाऊन विचारून येतात.

यापुढची पायरी म्हणजे कंपन्या. 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झाले आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पडले. तेव्हापासून गावोगावच्या संस्थाचालकांनी लॅपटॉपच्या बॅगा घेतल्या. कंपनीकडे जाताना ‘मुले’ म्हणू नये, ‘बेनिफिशिअरी’ म्हणावे. ‘पोरांना वाचता येऊ लागले’ हे वाक्य तिथे चालत नाही. त्याचा तक्ता करावा लागतो, आधीची पातळी, नंतरची पातळी, टक्केवारी, आणि प्रति बालक खर्च. तक्ता करताना हळूहळू तुमच्या लक्षात येते, की वाचायला सर्वांत जास्त वेळ ज्या तीन मुलांना लागतो, ती तक्त्याच्या दृष्टीने घाट्याची आहेत. इथे सांभाळून राहावे. संध्याकाळची शाळा त्या तिघांसाठीच काढली होती.

पैसे मंजूर झाल्यावर एका शनिवारी कंपनीची माणसे येतात. सारख्या रंगाचे टीशर्ट, फलक, ड्रोन. वृक्षारोपण असेल तर खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवावेत आणि जागा निवडताना पाण्यापेक्षा उन्हाची दिशा बघावी, फोटोत चेहरे काळे येता कामा नयेत. ती माणसे वाईट नसतात. त्यांतली एखादी मुलगी डोळे पुसत परत जाते आणि नंतर खरोखर दर रविवारी शिकवायला येऊ लागते. पैसे मात्र फेब्रुवारीत येतात आणि 31 मार्चपर्यंत ते खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मागितले जाते.

परदेशातला भाचा ‘आमच्या मराठी मंडळातून तुम्हाला डॉलर पाठवतो’ म्हणाला, तर त्याला प्रेमाने थांबवावे. परकीय योगदानाच्या कायद्याखाली परवानगी नसताना असे पैसे घेणे हा गुन्हा आहे. त्या कायद्याखाली नोंदणी मिळवायची तर संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि तेवढ्यात कामावर पंधरा लाख रुपये खर्च झालेले हवेत. 2020 च्या दुरुस्तीनंतर ते पैसे फक्त दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतल्या खात्यातच येतात, मग तुमची शाळा गडचिरोलीत असो की गुहागरात. त्यातला प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. आधी मर्यादा पन्नासची होती. ऑफिसचे भाडे आणि हिशेबनिसाचा पगार प्रशासकीय धरतात, म्हणजे कायद्याच्या मते कार्य हे जमिनीपासून थोडे वर, हिशेबाशिवाय होत असते.

आता ज्या व्यक्तीशिवाय संस्था दोन दिवस चालणार नाही, तिच्याविषयी. तिचे नाव पत्रिकेवर नसते. कार्यालयात एक ताई असतात. पावतीपुस्तक कुठे आहे, ऑडिटरला कोणती फाइल दाखवायची, कोणत्या मुलाचा बाप दारू पिऊन येतो आणि कोणत्या विश्वस्ताला शुगर असल्यामुळे बिनसाखरेचा चहा द्यायचा, हे सगळे त्यांनाच माहीत असते. त्यांना पगार नसतो, मानधन असते. ते वाढवून मागितले की अध्यक्ष भावुक होऊन धोंडो केशवांची, म्हणजे अण्णा कर्व्यांची गोष्ट सांगतात: अण्णा पुण्याहून हिंगण्याच्या आपल्या संस्थेत रोज पायी जात. गोष्ट खरी आहे. अण्णा 1914 पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते आणि त्या नोकरीचा पगार त्यांना मिळत होता, हा भाग सांगायचा राहून जातो. त्यागाची परंपरा आपण फार अभिमानाने सांगतो, पण ती पाळण्याचे काम संस्थेतल्या सर्वांत कमी पैसे मिळवणाऱ्या बाईकडे सोपवतो. नवशिक्याने पहिल्या अंदाजपत्रकात पहिली ओळ ताईंच्या पगाराची घालावी, भविष्य निर्वाह निधीसकट, आणि मग उरलेल्यात काय बसते ते बघावे. बहुतेक वेळा निम्मे कार्यक्रम बसत नाहीत. ते न केल्याने समाजाचे फारसे बिघडत नाही, हेही लवकरच कळते.

वर्धापनदिन करावाच लागतो. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांच्या भाषणाहून लांब. अधिक काय लिहावे.

संस्था एका टप्प्यावर फुटते. याने खचू नये. मोठ्यांच्या फुटल्या आहेत. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 साली स्थापन झाली आणि आजीव सदस्यांनी बाहेरची मिळकत करावी की नाही, सगळा वेळ संस्थेलाच द्यावा की नाही, या वादात 1890 मध्ये टिळक बाहेर पडले. पुणे सार्वजनिक सभा 1870 ची. 1895 मध्ये ती टिळकपक्षाच्या हाती गेली, तेव्हा रानडे-गोखल्यांनी पुढच्या वर्षी डेक्कन सभा काढली. त्या भांडणांमागे तत्त्व होते. तुमच्या भांडणामागे बहुधा किल्ली असते. कपाटाची किल्ली, नाहीतर चेकबुक. तरी आपण तत्त्वासाठी भांडतो आहोत असे दोन्ही बाजूंनी म्हणावे, प्रथा आहे.

फुटण्याची कायदेशीर पद्धत अशी: दोन गट एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या ठिकाणी वार्षिक सर्वसाधारण सभा घेतात, दोन कार्यकारिण्या निवडतात आणि धर्मादाय कार्यालयात दोन बदल अर्ज दाखल करतात. 1950 च्या त्या अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त बदलले की 90 दिवसांत हा अर्ज द्यायचा असतो. दोन्ही अर्ज एकमेकांना हरकत घेतात. निकाल लागेपर्यंत विश्वस्तांच्या नोंदीच्या परिशिष्टावर जुनीच नावे राहतात, त्यांतली दोन दिवंगत असतात, आणि वाद कानावर गेलेली बँक सह्या चालवून घेत नाही. वीटभट्टीवरची मुले तोवर हंगाम संपवून गावी गेलेली असतात. पुढच्या हंगामात येतात ती वेगळी मुले.

हे टाळण्याचा एक उपाय आहे, पण तो नवशिक्यांना सांगून उपयोग नसतो, कारण तो जुन्यांनी करायचा आहे: संस्थापकाने वेळेवर जावे. महाराष्ट्रातल्या छोट्या संस्थांचा खरा आजार पैशाचा नाही. पैसे नसताना त्या चालतात. संस्थापक असताना चालतीलच असे नाही. संस्थापक वयाच्या साठीला ‘आता तरुणांनी पुढे यावे’ असे भाषण सुरू करतो आणि ऐंशीपर्यंत तेच करीत राहतो. तरुण पुढे आला, तर त्याला आधी तीन वर्षे खुर्च्या मांडायला लावतात. मग तो पुण्याला नोकरी धरतो, आणि संस्थापक व्यासपीठावरून खेदाने म्हणतात की आजच्या पिढीत ती तळमळ नाही.

म्हणून जाण्याची कृती सुरुवातीलाच शिकून घ्यावी. घटनेत पदाची मुदत लिहावी: इतकी वर्षे, फार तर दोनदा. तयार मसुद्यात हे कलम नसते, ते टंकलेखकाला सांगून घालून घ्यावे लागते, आणि तो ‘साहेब, असे कोणी घालत नाही’ म्हणतो. मुदत भरली की लेखी राजीनामा द्यावा, तारखेसकट. ‘मार्गदर्शक’ नावाचे नवे पद निर्माण करू नये. रीतसर सभा बोलवावी, आणि या एका सभेला तरी अर्ध्या तासाची सवलत न घेता सगळ्यांना गाठून आणावे. नव्या माणसाचे संमतिपत्र घ्यावे. त्या जागेसाठी ताईंचे नाव कधी कोणी सुचवलेले नसते, ते सुचवावे. त्या पगारी आहेत, म्हणजे आधी घटनेत काय म्हटले आहे ते वकिलांना विचारावे, आणि अडचण असेल तर ती कशी दूर होईल हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे, निदान एवढ्यासाठी तरी फुकट सल्ला वापरावा. बदल अर्ज 90 दिवसांच्या आत द्यावा, पोच घेऊन तिच्या चार झेरॉक्स काढाव्यात. किल्ल्यांचा जुडगा यादी करून द्यावा. ईमेलचा पासवर्ड द्यावा; तो तुमच्या नातवाच्या जन्मतारखेवर असतो, आधी बदलावा.

मग बँकेत जावे. तिथे स्वतःच जावे लागते, कारण खात्यावर नवी सही लावायच्या अर्जाला जुन्याच पदाधिकाऱ्याची सही लागते. काउंटरवरची मुलगी ती मूळ कार्डावरच्या सहीशी ताडून पाहील आणि म्हणेल, सर, जुळत नाही, परत करा.